‘सॉरी’ म्हणजे माफी की दुखवटा?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या एका पेठेत राहणाऱ्या, पन्नाशीच्या वाचक भगिनी आहेत. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं यांनीच केलं. धाकटा भाऊ कॅनडात, टोरांटोजवळ. गेल्या श्रावणात वडील गेले तेव्हा तो आला नाही. “त्याचं तिथलं कार्ड नूतनीकरणाला गेलं होतं म्हणे.” अग्नी यांच्या मुलानं दिला. रक्षाविसर्जन भावानं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि थोड्या वेळानं बहिणीला मेसेज केला, “अक्का, सॉरी.” तेव्हापासून दोघांत धड बोलणं नाही. आता वर्षश्राद्धाला तो येतोय आणि पाटावर तोच बसणार, असं थोरल्या चुलत्यांनी परस्पर ठरवलंय. चुलते म्हणतात, त्यानं माफी मागितली, विषय मिटला. इंग्रजी शिकवणारी चुलतबहीण म्हणते, ती माफी नव्हेच. ‘सॉरी’ हा ‘सोअर’ म्हणजे दुखणं यापासून आलेला शब्द, तिकडं मयताला भेटायला आलेले शेजारीसुद्धा तेच म्हणतात. माफी मागायची असती तर ‘अपॉलॉजाइज’ म्हणाला असता. भगिनी विचारतात, यातलं कुठलं खरं धरू? आणि पाटावर बसण्याआधी चारचौघांत, मराठीत, “माझं चुकलं” असं त्याला म्हणायला लावलं तर काय बिघडलं?

ताई,

आधी तुमच्या चुलतबहिणीची बाजू घेतो. (हो, ‘घेतो’च. मी बाई आहे आणि कोल्हापूरची आहे. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये, मुद्दाम लिहिलंय, पुढं लागणार आहे. आता शहाण्यासारखी ‘घेते’, ‘लिहिते’वर येते.)

शब्दाच्या कुळाबद्दल तिचं बरोबर आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणं, जखम. घसा धरला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, तोच हा ‘सोअर’. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे दुखावलेला, व्यथित, आणि त्याचाच झाला ‘सॉरी’. त्यात चूक, कबुली, माफी यांचा मागमूस नव्हता. नुसतं दुखणं होतं. आपणही वेगळं काय केलं? दुःखावरून ‘दुखवटा’ केला आणि दुखवट्याला जाऊन आलो.

गंमत अशी की ‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ हे शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, पण कूळ एक नाही. ‘सॉरो’ आला ‘सोर्ग’वरून, ज्याचा अर्थ काळजी, चिंता, जर्मनमध्ये काळजीला आजही जवळपास तोच शब्द आहे. दोघी शेजारी राहिल्या आणि एकमेकींसारख्या बोलायला लागल्या. ‘सॉरी’चा आजचा उच्चारसुद्धा या शेजारणीमुळं झालाय, नाहीतर तो ‘सोअरी’ असा काहीतरी राहिला असता. आणि त्या ‘सार’चा जर्मन भाऊबंद कुठं जाऊन बसला माहितेय? ‘झेअर’ म्हणजे ‘खूप’! दुखण्याचा अर्थ पार झिजून गेला. आपण ‘भयंकर छान’ म्हणतो तेव्हा भीती कुठं असते?

इथंच चुलतबहिणीच्या युक्तिवादाचा पाय घसरतो. शब्द कुठून आला यावरून तो आज काय म्हणतोय ते ठरत नाही. तसं ठरत असतं तर तिनं सुचवलेला ‘अपॉलॉजाइज’ तुमच्या भावाला आणखी गोत्यात आणणारा आहे. मूळ ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे कोर्टातलं स्वतःच्या बचावाचं भाषण. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला, तेव्हा त्यानं केलं ते अपोलोगिया, आणि त्यात माफी औषधालासुद्धा नव्हती. इंग्रजीतही हा शब्द आला तो आधी बचाव म्हणून. कुळावरच जायचं तर ‘अपॉलॉजाइज’ म्हणणारा सांगतोय की माझी चूक नाही, आणि ‘सॉरी’ म्हणणारा सांगतोय की माझं दुखतंय. मग बरा कोण?

आता तुमच्या अटीकडं येते. त्यानं मराठीत म्हणावं, इंग्रजी शब्दाआड लपू नये. भावना समजते, ‘सॉरी’ आपल्याकडं फार स्वस्त झालाय. बसमध्ये पायावर पाय पडला, सॉरी. मिसळीचा कट सांडला, सॉरी. पण मराठीचं कपाट उघडून बघू या. ‘माफ’ अरबीतून फारसीमार्गे आला, अर्थ सूट, मोकळीक. शेतसारा माफ, कर्जमाफी, त्यातलाच तो. म्हणजे ‘माफ कर’ म्हणणारा चूक कबूल करतोच असं नाही, तो वसुली थांबवायला सांगतोय. ‘दिलगीर’ फारसी. दिल म्हणजे काळीज आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. काळीज धरलेला, खिन्न माणूस तो दिलगीर. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी खणलेल्या रस्त्यावर लागते तेव्हा कुणाचं काळीज धरलेलं असतं देव जाणे, पण कुळानं हा शब्द ‘सॉरी’च्या सगळ्यात जवळचा. ‘क्षमा’ संस्कृत, सहन करणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळं सोसते. म्हणजे क्षमा मागणारा तुम्हाला सांगतोय की तू अजून सोस. तीन वर्षं सोसलेल्या बाईला हे सांगणं जरा जडच.

राहिलं “माझं चुकलं”. हा अस्सल आपला. पण नीट ऐका, ताई. “मी चुकलो” नाही, “माझं चुकलं”. कर्ता कुठं आहे? माझं काहीतरी होतं, ते चुकलं. बस चुकते, वाट चुकते, गणित चुकतं, तसं तेही चुकलं. मी आपला बाजूला उभा. मी लहानपणी हे वाक्य दिवसातून पाच वेळा म्हणायची, मान खाली घालून, आणि एकदाही मनापासून म्हटल्याचं आठवत नाही. म्हणजे तुमचा भाऊ चारचौघांत “चुकलं माझं” म्हणाला तरी तुमच्या चुलतबहिणीनं मनात आणलं तर त्यातूनही पळवाट काढून दाखवेल.

मग अर्थ ठरवतो कोण? मी वर ‘घेतो’ लिहिलं. आपल्या गावात बाईनं ‘मी आलो, मी जेवलो’ म्हटलं तर कुणी वळूनही बघत नाही. तेच सदाशिव पेठेत म्हणा, लोक हसतील किंवा व्याकरण काढतील. शब्द तोच, अर्थ गावाचा. तुमचा भाऊ दोन गावांत राहतो. तुम्ही किती वर्षं झाली ते लिहिलं नाहीत, पण बायकोमुलं तिकडचीच झालीत असं एक वाक्य आहे, म्हणजे बरीच झाली असणार. तिकडच्या बोलण्यात एकच ‘सॉरी’ दोन्ही कामं करतो. वडील गेल्याचं कळलं, सॉरी. मला यायला जमलं नाही, सॉरी. तिथंही लोक अडखळतात, बरं का. मयताच्या घरी कुणी ‘आय ॲम सॉरी’ म्हटलं की घरचा माणूस कधीकधी पटकन म्हणून जातो, तुमचा काय दोष?

तो राहतो त्याच ओंटारिओ प्रांतानं २००९ साली ‘अपॉलॉजी ॲक्ट’ नावाचा कायदाच केला. सॉरी म्हटलं म्हणून त्या माणसानं चूक कबूल केली, असं दिवाणी दाव्यात धरायचं नाही. लोक कोर्टाच्या भीतीनं एकमेकांना साधं सॉरी म्हणेनात, म्हणून अशा कायद्यांची गरज पडली. चुलत्यांना हे ऐकवू नका, ते म्हणतील, बघा, माफी मागूनही सुटायची सोय केलीय पठ्ठ्यांनी.

पण मला तुमच्या घरातला वाद वाचताना आठवली ती वेगळीच गोष्ट. २००१ सालच्या १ एप्रिलला चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान आकाशात एकमेकांना धडकली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचं विमान मोडक्या अवस्थेत, परवानगी न मिळताच हैनानवर उतरलं आणि आतल्या २४ माणसांना चीननं ११ दिवस अडकवून ठेवलं. चीन म्हणे, आधी माफी. अमेरिका म्हणे, आमची चूकच नाही तर माफी कसली. शेवटी अमेरिकी राजदूतानं एक पत्र दिलं. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलं, एकदा वैमानिक गेल्याबद्दल त्याच्या घरच्यांना आणि देशाला, एकदा न विचारता उतरल्याबद्दल. चीननं आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी माफी मागितली. अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही फक्त दुःख व्यक्त केलं. माणसं घरी गेली.

तुमचे चुलते म्हणजे चीन आणि चुलतबहीण म्हणजे अमेरिका. एकाच शब्दावर दोघं आपापला झेंडा लावून बसलेत आणि दोघांचंही बरोबर आहे. फरक इतकाच की त्या दोन देशांना पुढं कुणी विचारायला नको होतं, धूसर शब्दातच त्यांची सोय होती. तुम्हाला त्या भावाच्या शेजारी, एकाच खोलीत, वडिलांच्या फोटोसमोर बसायचंय. तुमची सोय धूसरपणात नाही.

आता जरा टोचणारं लिहिते, रागवू नका. तुमच्या चार पानी पत्रात ‘सॉरी’ नऊ वेळा आलाय. पण मी पेन्सिलीनं खूण केली ती दुसऱ्याच एका शब्दाखाली. “कार्ड नूतनीकरणाला गेलं होतं म्हणे.” “तिकीट बघत होता म्हणे.” “रात्रभर जागा होता म्हणे.” या ‘म्हणे’ला इंग्रजीत तंतोतंत उत्तर मिळणं अवघड. तो सांगतो की हे मी ऐकलंय, खात्री माझी नाही, आणि पटलंय असंही नाही. ‘सॉरी’चं कूळ शोधायला तुम्ही चुलतबहिणीकडं गेलात, पण अडकलंय ते या ‘म्हणे’त. तो येऊ शकत नव्हता, की आला नाही, हे तुम्हाला माहीत नाही. ते माहीत नसताना ‘सॉरी’ माफी ठरली काय किंवा दुखवटा ठरला काय, तुमच्या मनातलं जागचं हलणार नाही.

कार्डाचं कारण निव्वळ बहाणा असेलच असं धरू नका. कॅनडात कायम राहण्याचा परवाना असलेल्यांना विमानानं परत जाताना ते कार्ड दाखवावं लागतं. ते हातात नसेल तर बाहेर आल्यावर प्रवासाचा वेगळा कागद काढावा लागतो, त्यात दिवस जातात. म्हणजे कोल्हापूरला येण्यात अडचण नव्हती, परत जाण्यात होती. नोकरी, मुलं, सगळं तिकडं असताना त्यानं त्या रात्री हिशेब मांडला असेल. तो हिशेब बापाच्या मयतापुढं मांडावा की नाही, यावर तुमचं आणि माझं मत बहुतेक एकच निघेल. पण “आला नाही” आणि “हिशेब करून थांबला आणि आता त्याचं त्यालाच खातंय” या दोन भावांशी दोन वेगळ्या तऱ्हेनं बोलायला लागतं. तुमचा भाऊ यातला कुठला, हे शब्दकोशात मिळणार नाही.

चारचौघांत म्हणायला लावण्याबद्दल. नको, ताई. तो नकार देईल म्हणून नाही, तो लगेच म्हणून मोकळा होईल म्हणून. बाहेर मांडव, आत गुरुजी खोळंबलेले, चुलते घड्याळाकडं बघतायत, अशात कुणीही “चुकलं, चुकलं, चला” म्हणेल. पाहुणे म्हणतील, झालं की आता. आणि त्यानंतर तुम्ही एक शब्द जरी काढलात तर वाईट तुम्ही ठराल. असली माफी मिळाली की तुमचं बोलणंच संपतं. मी अशी दोन घरं जवळून पाहिलीत, एकात अजून दिवाळीला फराळ परत जातो.

त्यापेक्षा पाटाचा प्रश्न वेगळा काढा. तो तुमच्या भावाशी नाही, चुलत्यांशी आहे. त्यांनी तुम्हाला न विचारता ठरवलं, याचाही राग तुम्ही ‘सॉरी’च्या खात्यात जमा केलाय. अग्नी तुमच्या मुलानं दिला होता. त्यानंही पिंडाला बसावं असं वाटत असेल, किंवा तुम्हाला स्वतःला पाणी सोडायचं असेल, तर आधी गुरुजींशी बोला, मग चुलत्यांशी, तेही तो यायच्या आत. आणि घराच्या वाटणीबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी अर्धी ओळ लिहून खोडलीय, ती मला वाचता आली. तो विषय श्राद्धाच्या आठवड्यात घरात येऊ देऊ नका. तो आला तर बाकीचं सगळं त्याच्याच मापानं मोजलं जाईल.

परदेशात राहून हे वाचणाऱ्या भावांनो, तुम्हालाही एक सांगते. ‘सॉरी’ एकटा पाठवू नका. त्याच्या मागं ‘मी अमुक केलं नाही म्हणून’ असं एक वाक्य जोडा. ‘तुझ्यासाठी सॉरी’ आणि ‘मी आलो नाही याबद्दल सॉरी’ यांत इंग्रजीतसुद्धा जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात कीव असते, दुसऱ्यात स्वतःचं काहीतरी. आणि साठीच्या पुढच्या माणसांना मेसेज नकोच, फोन लावा. बोलायला सुचलं नाही तर नुसतं “काय बोलू, सुचंना झालंय” म्हणा. आपल्याकडं दुखवट्याला कोण मोठं बोलतं? माणूस येतो, बसतो, पाणी पितो, उठताना “येतो” म्हणतो, तेवढ्यानं पोचतं.

शेवटी तुम्ही पाठवलेल्या मेसेजच्या फोटोबद्दल. तो मी मोठा करून बघितला. वेळ सकाळी ९ वाजून ४० मिनिटं, म्हणजे पंचगंगेवरून तुम्ही नुकत्याच परतला असाल. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती, तेव्हा जागा असल्याचं ‘म्हणे’ तरी काढून टाकायला हरकत नाही. आणि ‘अक्का’ त्यानं आपल्या अक्षरांत लिहिलंय, ‘सॉरी’ रोमन अक्षरांत. म्हणजे दोन शब्दांच्या मेसेजमध्ये थांबून कळफलक बदललाय. याचा अर्थ काय लावायचा? चुलतबहीण म्हणेल, पळाला. मला वाटतं, ‘अक्का’ लिहिल्यावर पुढचा मराठी शब्द त्याच्या बोटाला आला नाही. मीही चुकत असेन. मला दिसतंय ते इतकंच की त्या मेसेजच्या खाली पान कोरं आहे. वर्ष होत आलं, तुम्ही त्याला उत्तरच दिलेलं नाही.

तो यायच्या आधी द्या. चार पानं लिहू नका, ती त्याला दाखवूही नका. रात्री जेवणं आवरली की, त्याची सकाळ असेल, तोच मेसेज वर काढा आणि त्याच्याच खाली लिहा, “कशाबद्दल रे?” त्यानं सांगितलं तर वाचून लगेच काही कबूल करू नका, माफही करू नका, आल्यावर दोघंच रंकाळ्यावर एक फेरी मारा आणि त्या तीन वर्षांतली एखादी रात्र त्याला सविस्तर सांगा. त्यानं उत्तर दिलं नाही, किंवा ‘नुसतंच म्हटलं होतं’ असं लिहिलं, तर तेही उत्तरच आहे, मग पाटावर कोण बसतंय याचं तुम्हाला इतकं वाटणार नाही.

मेसेज पाठवण्याआधी एकदा वाचून बघा. त्यातला ‘रे’ गाळू नका.